दार उचलू नये

बुधवार पेठ, सोलापूर
रविवार, दि. १६ मार्च २०२५, सकाळी सव्वासात

आदरणीय मनकर्णा आत्यास,
सुमितचा सविनय जयभीम. वि. वि.

हे पत्र लिहायला घेतलं तेव्हा मी आपल्या जुन्या गाडीत डाव्या सीटवर बसलो होतो आणि माझा डावा हात आईच्या जुन्या साडीच्या पट्टीने पोटाशी बांधलेला होता. काशम्मा काकू समोर नळावर पाणी भरत होत्या. त्यांनी घागर तिथेच ठेवली आणि घरात येऊन आईला विचारलं, की बापामागं पोराला बी झटका आला का काय. आईने बाहेर येऊन बघितलं आणि त्यांना सांगितलं, की हा लहानपणापासून असाच हाय.

कारण सांगतो. फोनवर सांगायला गेलो की तुझ्या कानाचं मशीन शिटी मारतं आणि तू सगळ्यालाच बरं बरं म्हणतेस, म्हणून पत्र.

गेल्या वर्षी झटका आल्यापासून आप्पांचा डावा हात कामाचा राहिला नाही, आणि आपल्या गाडीचं डावं दार तर त्याच्याही आधीपासून कामाचं नाही. बिजागऱ्या झिजून दार खाली लोंबलं आहे. तुला आठवत असेल, उघडताना खालून धरून आधी वर उचलायचं, मग ओढायचं. लावतानाही उचलून आपटायचं. आपल्या घरात हे इतकं अंगवळणी पडलं आहे, की आई दुसऱ्यांच्या रिक्षाचा पडदासुद्धा उचलून आपटेल. बाहेर उभं राहून दार उचलता येतं. पण आत बसून, एकाच हाताने, आप्पांना ते जमेल का, हे मला स्वतः करून बघायचं होतं. जमत नाही. वर मी गाठ इतकी नीट मारली होती की तीही सुटेना. शेवटी गिअरवरून ओलांडून पलीकडच्या दाराने उतरलो. काशम्मा काकूंनी घागर पुन्हा खाली ठेवली.

आत्या, खरी काळजी पुढे आहे. तुझ्या धम्मप्रियाच्या लग्नाला यायचं नाही असं आप्पा म्हणतात. दवाखान्यात व्यायामाला जाणंही त्यांनी बंद केलं आहे. मागच्या खेपेला दवाखान्यासमोर मी दार उचलून त्यांना उतरवत होतो, वॉचमनही धावत आला, आणि रांगेतली माणसं बघत राहिली. तेव्हापासून ते गाडीचं नाव काढत नाहीत. काल मी लग्नाचा विषय काढला तर म्हणाले, की मामाने नवरीला हात धरून मंचावर आणायचं असतं, आणि त्याच मामाला चौघांनी हात धरून गाडीतून ओढून काढायचं का? तेही वऱ्हाडासमोर? त्यापेक्षा मी इथूनच फुलं टाकतो.

गॅरेजवाल्याला विचारलं. तो म्हणाला, या गाडीच्या नव्या बिजागऱ्या आता येत नाहीत, भंगारातल्या गाडीच्या कापून, वेल्डिंग करून, रंग मारून सात हजार होतील. मग गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, की सात हजार हिच्यावर घालण्यापेक्षा हीच भंगारात घाला. मी त्याला धन्यवाद म्हणून आलो. बारावीत दोनदा बसलेला माणूस असल्यामुळे मला कोणीही काहीही सांगितलं तरी आधी धन्यवादच निघतो.

पण मी मोबाईलवर बघितलं आहे. बिजागरी सगळी बदलावी लागत नाही. तिच्या मधली पिन झिजते आणि पिनेभोवतीचं पितळी कडं, ज्याला बुश म्हणतात, ते झिजतं. तेवढंच नवं करून घालायचं. मी ते करणार आहे. लग्न ४ मेला आहे, आणि मी घाबरलो आहे.

धम्मप्रियाला शुभेच्छा. तुझा लोभ आहेच, तो आमच्या दारासारखा लोंबू देऊ नये, ही विनंती.

तुझा,
सुमित

*

वैराग
दि. २२ मार्च २०२५

चि. सुमित यास,
आत्याचे अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

तुझं पत्र धम्मप्रियाने मोठ्याने वाचून दाखवलं. हात बांधून घेतल्याच्या ठिकाणी ती लई हसली. मी हसले नाही, मी पाणी प्यायला आत गेले.

बाळा, तू दुरुस्ती करणार हे वाचून मला आमचा स्टोव्ह आठवला. सातवीत असताना तू तो उघडलास, प्रत्येक भाग कागदावर नाव लिहून मांडलास, पुन्हा जोडलास, आणि एक स्क्रू उरला. तू रडत म्हणालास, की हा स्क्रू जास्तीचा आला होता. तो स्क्रू मी अजून मसाल्याच्या डब्यात ठेवला आहे. स्टोव्ह मात्र त्यानंतर चांगला चालला, म्हणून तुझ्यावर माझा भरवसा आहे.

तुझ्या आप्पाचं, हणमंताचं, मला नवल वाटत नाही. लहानपणी सायकलवरून पडला तर उचलायला येणाऱ्याला दगड मारायचा. मला मारलेला दगड कपाळावर आहे, पुढच्या वेळी बघ. तीस वर्षं पाण्याचा टँकर चालवला, कधी क्लीनरला दार उघडू दिलं नाही. पण मामा आल्याशिवाय माझी पोरगी मंचावर चढणार नाही, असं तिने सांगून ठेवलं आहे. ती पण त्याच घरची की.

मी म्हणते, त्याला मागच्या सीटवर का बसवत नाहीस? नाहीतर एसटीने आण.

पत्रिका पाठवते आहे. पत्रिकेच्या आत पाचशेची नोट चिकटवली आहे, ती दारासाठी, आहेर नव्हे. परत केलीस तर कान धरीन. पत्रिका तूच टाइप केली होतीस, त्यामुळे चुका शोधत बसू नकोस.

तुझ्या आईला जयभीम. जेवत जा. दाराशी भांडून झालं की आमची आठवण ठेव.

तुझी,
आत्या

*

बुधवार पेठ, सोलापूर
रविवार, दि. ६ एप्रिल २०२५

आदरणीय आत्यास,
सुमितचा सविनय जयभीम. वि. वि.

नोट मिळाली. पत्रिकेत चूक नाही, मी बघितली.

मागच्या सीटवर आप्पांचा पाय दुमडत नाही. पुढची सीट पार मागे सरकवली तरच ते बसू शकतात. एसटीच्या पायऱ्या चढायच्या म्हटलं तर पुन्हा दोन माणसं लागणार. म्हणजे फिरून फिरून त्याच दाराशी येतो.

आज काम केलं. ते कसं झालं हे तुला सांगायची मला लाज वाटते, म्हणून सविस्तर सांगतो.

दाराखाली जॅक लावला. दाराचा रंग जाऊ नये म्हणून जॅकवर फळी आणि फळीवर चादर घातली. चादर आईने नवी करकरीत ठेवलेली होती, हे मला नंतर कळलं. मग दार जास्त उघडू नये म्हणून असते ती पट्टी सोडवली आणि हातोडीने ठोकून बिजागऱ्यांच्या दोन्ही पिना काढल्या. एकीला 'वरची' आणि दुसरीला 'खालची' अशी चिठ्ठी बांधली. इथपर्यंत माझं बरोबर होतं. स्टोव्हच्या वेळीही इथपर्यंत बरोबरच होतं.

पिनांचं माप मी गेल्या रविवारीच एकदा त्या काढून घेतलं होतं आणि त्या परत बसवल्या होत्या. शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून माप घ्यायचं कॅलिपर उसनं आणलं. पिन जिथे सर्वांत गुळगुळीत होती तिथे मापली, म्हणजे माप अचूक येईल. आमच्या सात रस्त्याच्या छपाईच्या दुकानात बसून त्याचं चित्र काढलं, दशांश चिन्हासकट आकडे टाइप केले, खाली 'कृपया मापात फरक करू नये' असं ठळक अक्षरात लिहिलं आणि वर दुकानाचा शिक्का मारला. तो कागद घेऊन अक्कलकोट रोडला मल्लिनाथच्या लेथवर गेलो. तो यंत्रमागाचे सुटे भाग करतो. त्याने कागद दोनदा वाचला, माझ्याकडे बघितलं, आणि पिना करून दिल्या. तशाच बारीक पिनांवर बसतील असे बुशही दिले.

आज त्या पिना घातल्या. जॅक काढला. दार होतं तितकंच खाली आलं.

आत्या, पिन तिथे गुळगुळीत का होती, हे माझ्या डोक्यात आलं नाही. झिजली होती म्हणून गुळगुळीत होती. मी झिजलेल्या पिनेची हुबेहूब झिजलेली नवी पिन करून घेतली. दशांश चिन्हासकट.

मल्लिनाथला फोन केला तर तो हसायचा थांबेना. म्हणाला, तुमी लिवून दिलं, वरनं शिक्का मारला, आता त्यात मी कशाला शाणपणा करू? मला वाटलं कलेक्टर हापिसातनं काम आलंय.

एक गोष्ट मात्र झाली. आप्पा आज स्वतःहून बाहेर येऊन व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते. सगळं झाल्यावर त्यांनी काठीने दाराकडे दाखवून विचारलं, की हे नवीन आहे का. मी सांगितलं, हो, दोन्ही पिना नवीन आहेत. ते म्हणाले, वाटत नाही. मला आधी वाटलं चौकशी करतात. आई आत जाऊन हसली तेव्हा कळलं की थट्टा होती. त्यांनी थट्टा केली याचा आनंद मानावा की दाराचं दुःख, हे मी ठरवतो आहे.

आता जयंती येते आहे. दुकानात बॅनर आणि कार्यक्रमपत्रिकांचा ढीग आहे. जयंती झाल्याशिवाय मल्लिनाथकडे जाता येणार नाही, आणि जायला तोंडही नाही.

लोभाला माझ्या हुशारीची अट घालू नये.

तुझा,
सुमित

*

वैराग
दि. १२ एप्रिल २०२५

चि. सुमित यास,
आत्याचे आशीर्वाद. वि. वि.

यावेळी मीही हसले. खोटं कशाला सांगू.

पण आता ऐक. काल मुलाकडची मंडळी आली होती. नवरीला मंचावर कोण आणणार असं त्यांनी विचारलं. त्यांच्यातल्या एका बाईने हळूच सुचवलं, की मामाची तब्येत बरी नाही तर चुलत्याला उभं करा. माझ्या मशीनला नेमकं तेवढंच ऐकू आलं. मी सांगून टाकलं, की आमचा मामा येणार, आपल्या पायाने येणार. शब्द देऊन बसले आहे. आता तू आणि दार बघून घ्या.

आणि एक विचारते. तीस वर्षं गाडी चालवलेला माणूस व्हरांड्यात बसला आहे, त्याला तू एकदा तरी विचारलंस का? दार त्याच्यासाठी, आणि सल्ला मोबाईलचा. तू त्याला पाणी देतोस, गोळ्या देतोस, उचलून आणतोस, पण काही विचारत नाहीस. विचार की.

जयंतीला गोड कर. भरवसा अजून शिल्लक आहे, जपून वापर.

तुझी,
आत्या

*

बुधवार पेठ, सोलापूर
सोमवार, दि. २१ एप्रिल २०२५

आदरणीय आत्यास,
सुमितचा सविनय जयभीम. वि. वि.

विचारलं. आप्पा म्हणाले, की जुन्या दोन्ही पिना मल्लिनाथच्या समोर ठेव आणि तोंड उघडू नको.

मी तसं केलं. आयुष्यात एवढं सोपं काम मला कोणी सांगितलं नव्हतं, तरी दोनदा तोंड उघडलं गेलं. मल्लिनाथने पिन फिरवून बघितली. मी मापलं होतं तो झिजलेला पोटाचा भाग सोडून त्याने टोक मापलं. टोक बिजागरीत घट्ट बसलेलं असतं, ते झिजत नाही. झीज बघून त्याने बिजागरीची भोकंही लांबोळी झाली असणार म्हणून मला ती गोल करायला सांगितली आणि मागाच्या भागांसाठी आणलेल्या पितळेतून नवे बुश कातून दिले. जाताना म्हणाला, शिक्का आणला न्हाय व्हय आज?

काल बसवलं. आप्पा खुर्चीवरून काठीने दाखवत होते, वर घे, थोडं खाली, आता ठोक. शेजारच्या लग्नाला निघालेली माणसं उभी राहून बघत होती आणि आप्पांना त्याचं काही वाटलं नाही. जॅक काढला. दार जिथे होतं तिथेच राहिलं. मी बोट लावलं, दार गेलं आणि टक करून लागलं. आत्या, मी ते इतक्या वेळा उघडलं आणि लावलं, की आईने सांगितलं, आता पुन्हा झिजेल.

मग तिने स्वतः लावून बघितलं. म्हणजे सवयीने दोन्ही हातांनी खालून धरलं, वर उचललं आणि आपटलं. नव्या दाराला एवढा जोर कशाला लागतो? आतली काच सुटून दाराच्या पोटात गेली. आई म्हणाली, की तूच नीट बसवलं नसशील. काच बसवून आणली, तर संध्याकाळी काशम्मा काकूंनी कौतुकाने बघायला म्हणून येऊन तसंच उचललं. त्या आमच्या गाडीत दोनदाच बसल्या असतील, पण सवय त्यांनाही लागली आहे.

म्हणून आज दुकानात ठळक अक्षरात सूचना छापली: दार उचलू नये. हाताने उघडते. एक बाहेरून चिकटवली, एक आतून हँडलच्या वर. आप्पांनी ती वाचली आणि ही कोणासाठी आहे असं विचारलं. मी म्हणालो, घरातल्या सगळ्यांसाठी, माझ्याशिवाय.

आणि आप्पा येतो म्हणाले. इतकंच म्हणाले. मी म्हटलं, एकदा बसून, उघडून बघा. तर म्हणाले, परीक्षा घेतोस का माझी? तिथं उतरतानाच उघडीन. तेव्हापासून मला झोप नाही. दार उघडतं हे मला माहीत आहे. आप्पांना ते उजवा हात आडवा घालून उघडता येईल, गुडघ्याने ढकलता येईल, हेही मी पुन्हा हात बांधून बघितलं आहे. यावेळी गाठ सैल मारली होती.

४ तारखेला सकाळी दहाच्या आत पोहोचतो. तोपर्यंत लोभ आणि दार, दोन्ही जागेवर राहोत.

तुझा,
सुमित

*

बुधवार पेठ, सोलापूर
मंगळवार, दि. ६ मे २०२५

आदरणीय आत्यास,
सुमितचा सविनय जयभीम. वि. वि.

लग्न छान झालं. जेवण छान होतं. हे लिहून झालं, आता जे लिहायचं आहे ते लिहितो.

तू मांडवाच्या गडबडीत होतीस, तुझ्या लक्षात आलं नसेल. आम्ही पोहोचलो तेव्हा मुलाकडची मंडळी दारातच उभी होती. चुलत्याचं सुचवणारी ती बाईही असावी. मी गाडी थांबवली. आप्पांनी काठी मांडीवर घेतली, शर्टची बाही सारखी केली आणि उजवा हात हँडलकडे नेला. एवढं मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं.

आणि त्यानंतर माझं शरीर माझ्या घरच्या सवयीने चाललं. मी उतरलो, गाडीला वळसा घालून धावलो, माझ्याच सूचनेवर हात ठेवला, दार दोन्ही हातांनी उचललं आणि उघडलं. उचलायचं काहीच नव्हतं, त्यामुळे मीच तोल जाऊन मागे गेलो. समोरचे दोघे जण आप्पांना धरायला पुढे आले. आप्पांचा हात अजून हँडल जिथे होतं तिथे हवेत होता.

मग त्यांनी दार ओढलं आणि आतून लावून घेतलं. टक असा आवाज आला. इतका चांगला आवाज मी बसवला होता.

मी पाण्याच्या टाकीमागे जाऊन उभा राहिलो. मला वाटलं, आता ते परत चला म्हणणार, तुझा शब्द जाणार, आणि धम्मप्रियाला चुलता आणणार. वंदना सुरू झाली तेव्हा बाहेर आलो, तर आप्पा मंचावर होते आणि धम्मप्रिया त्यांच्या हाताला धरून उभी होती. त्यांना गाडीतून कोणी काढलं हे मी कोणाला विचारलं नाही. दुपारी ते म्हणाले, की मी ताईकडे राहतो थोडे दिवस. आई आणि मी परत आलो. येताना डावी सीट मोकळी होती आणि दार अजिबात वाजत नव्हतं.

एवढे दिवस खपून, शेवटी त्यांच्या हातातलं दार मीच काढून घेतलं. ते रागावले असतील तर तसं कळव. नसतील तरी कळव.

लोभ ठेव असं म्हणायची आज हिंमत नाही, तरी सवयीने म्हणतो.

तुझा,
सुमित

*

वैराग
रविवार, दि. ११ मे २०२५

चि. सुमित यास,
आत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

माझे कान गेले आहेत, डोळे नाही. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं बघत होते, बोलणं मागाहून विचारून घेतलं. तू टाकीमागे लपलास तेही बघितलं. तिथं आमची उष्टी भांडी होती.

तू गेल्यावर हणमंताने काच खाली केली आणि त्या दोघांना सांगितलं, की तुमी आत व्हा, मला जरा काम हाय. ते गेले. आमचा एक भाचा मदतीला धावला, त्यालाही हात हलवून घालवलं. मला वाटलं आता दगडच शोधतोय. मग सगळी पाठमोरी झाली, हे त्याने नीट बघून घेतलं.

त्याने उजवा हात पोटावरून आडवा नेला आणि हँडल ओढलं. गुडघ्याने हलकंच ढकललं. दार उघडलं आणि उघडं राहिलं. तो तसाच बसला. मग दार पुन्हा ओढून लावलं. मी कपाळाला हात लावला, म्हटलं झालं, गेला हा परत. तर पुन्हा उघडलं. पुन्हा लावलं. बाळा, तो खेळत होता. साठीतला माणूस, बाहेर लग्न थांबलं आहे, आणि हा दार उघडतोय, लावतोय. तिसऱ्यांदा काठी बाहेर टेकली, पाय बाहेर काढले आणि उभा राहिला.

मी जागची हलले नाही. भाताचं पातेलं धरून ठेवलं होतं, नाहीतर धावलेच असते. मला किती जड गेलं ते तुला कळायचं नाही. खरं तर तुलाच कळेल.

उभा राहिल्यावर त्याने आतला तुझा कागद वाचला, अलगद काढला, घडी करून खिशात ठेवला. तोवर धम्मप्रिया पांढऱ्या साडीत बाहेर पळत आली. तिने हात पुढे केला, तर त्याने आपला हात पुढे केला आणि म्हणाला, की मला धरू नको, मी तुला धरायला आलोय. त्या बाईने मला नंतर सांगितलं, मामा लई रुबाबदार हायत.

तो रागावलेला नाही. तुझ्याविषयी विचारलं तर म्हणाला, की पोरगं भित्रं हाय पण काम पक्कं करतं, मल्लिनाथनं चांगलं शिकवलं त्याला. तो कागद त्याने आमच्या फडताळावर चिकटवला आहे, कारण मीही त्याचं ताट उचलायला धावते.

आता निरोप. रविवारी, १८ तारखेला त्याला घ्यायला ये. गाडी दाराशी लाव, हॉर्न दे, आणि जागचा उठू नकोस. हे त्याचे शब्द आहेत. मी त्याला विचारलं, पोरगं नाही उठलं तर त्याला जेवायला कसं घालू? तर म्हणाला, आधी मला बसू दे, मग दार लावू दे, मग उघडून उतरू दे, मग आपण सगळे जेवू.

मशीन नवीन घेतलं आहे. तरी पत्रच पाठव, मला वाचायला बरं वाटतं.

तुझी,
आत्या

*

बुधवार पेठ, सोलापूर
गुरुवार, दि. १५ मे २०२५

आदरणीय आत्यास,
सुमितचा सविनय जयभीम. वि. वि.

रविवारी येतो. हात मांडीखाली दाबून बसेन. काशम्मा काकूंनी पुन्हा साडीची पट्टी द्यायची तयारी दाखवली आहे, दोन्ही हातांसाठी.

तुझ्या पाचशे रुपयांचा हिशोब देतो. झिजलेल्या नव्या पिना व बुश, १८०. नुसत्या नव्या पिना व बुश, ४२०. ग्रीस, ४०. आईने पाडलेली काच बसवणे, १५०. एकूण ७९०. सूचनेची छपाई मालकांनी धरली नाही. आईची चादर मी भरून द्यायची आहे, ती किंमत सांगत नाही, नुसती आठवण काढते. तुझे पाचशे परत करत नाही, कान शाबूत ठेवायचे आहेत.

आणखी एक देणं उरतं. आप्पांचं, एक दार. रविवारी बसल्या जागी फेडतो.

लोभ बोटाने उघडेल इतका हलका आणि लागला की टक वाजेल इतका पक्का असावा.

तुझा,
सुमित